एका बाईला एकच दुःख मंजूर

वस्तीत ज्याला ‘संजय गांधीचा पगार’ म्हणतात, त्याचा हिशेब कधी मांडलाय दोस्तांनो? संजय गांधी निराधार योजना. १९८० पासून चालू. अपंगाला मिळते, विधवेला मिळते, टाकून दिलेल्या बाईला मिळते. पण बाई अपंगही आहे आणि विधवाही, मग? मग तिनं एक दुःख निवडायचं. दुसरं घरी ठेवून यायचं.

२०२५ च्या ऑक्टोबरपासून अपंगाला महिना २५०० केले, विधवेला १५००च ठेवले. म्हणजे आंधळ्या बाईचा नवरा जिवंत असो नाहीतर मेलेला, रक्कम २५००च. नवऱ्याची मजुरी बुडाली, तिची सरकारी किंमत शून्य. हयातीचा दाखला द्यायला दरसाल जायचं, तर हात धरून नेणाऱ्याचाही रोज बुडतो. तो कोण भरतो?

केंद्राची इंदिरा गांधी अपंग पेन्शन आणखी वेगळी म्हणे. ८० टक्के अपंगत्व आणि घर दारिद्र्यरेषेखाली, तेव्हा कुठं महिना ३०० रुपये! २०१२ पासून तेच ३००. तेही वर मिळत नाहीत, राज्याच्या रकमेतच धरतात. आई नि लेक, दोघांच्या नावाच्या दोन योजना. ताटात भाकर एकच.

२०२४ ला ‘लाडकी बहीण’ आली. घराचं उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असलं तरी १५०० मिळणार. पण जिला दुसऱ्या सरकारी योजनेतून आधीच १५०० मिळतात, ती बाद. बाद कोण झाली? निराधार, अपंग बाई. धडधाकट बाईला १५००, पाय नसलेलीलाही १५००. अपंग हक्क कायदा २०१६ चा, कलम २४ सांगतं की अशा योजनांत अपंगाला इतरांपेक्षा निदान २५ टक्के जास्त द्या. सव्वा वर्ष ते कलम फायलीत कुजलं.

साहेब लोक म्हणतात, एकाच माणसानं दोनदा कशाला खायचं? बरं. एकदा निवडून आलेल्या माजी आमदाराला महिना ५०,००० पेन्शन. पाच वर्षांच्या वर जितकी वर्षं बसला, तितके दोन-दोन हजार आणखी. तिथं उत्पन्नाचा दाखला लागत नाही. तिथं बेरीज येते. आमच्या बाईपाशी आल्यावरच यांचं गणित आटतं.

नाव मात्र झकास दिलंय, ‘दिव्यांग’. आम्हाला हे नवं नाही. पूर्वी आम्हाला ‘हरिजन’ म्हणून देव चिकटवला होता, पाणवठा तरीही बंदच होता.

आपणही तपासून बघू. १९७३ च्या पँथरच्या जाहीरनाम्यात दलित म्हणजे कामगार, भूमिहीन, स्त्रिया असे सगळे पिळलेले आले. अपंगाचं नाव वेगळं घेतलं नव्हतं. आता घ्यावं. आणि मागणी साफ असावी: अपंग म्हणून वेगळं, विधवा म्हणून वेगळं, केंद्राचे पैसे राज्याच्या वर.

तोवर तहसील कचेरीत कुणा म्हातारीला ‘बसत नाय’ म्हणून हाकललं, तर तिच्यासोबत जा. कुठल्या शासन निर्णयानं बसत नाही ते कारकुनाकडून सहीशिक्क्यानिशी लिहून घ्या. तो कागद छावणीत आणून द्या.