घरची बालशाळा : हस्ताचा हत्ती

पितृपंधरवडा संपत आला की घरोघरी नवरात्राची घाई सुरू होते. घटासाठी माती आणावयाची असते, कडाकण्या तळावयाच्या असतात. कालिकेच्या यात्रेचे आणि सप्तशृंगीच्या गडाचे बेत चालू असतात. अशा वेळी घरातील तीन ते आठ वर्षांची मुले सारखी पायांत घोटाळतात आणि 'जा, बाहेर खेळा' हे एकच वाक्य दिवसभर त्यांच्या कानी पडते. वास्तविक याच दिवसांत एक सण खास त्यांचा असतो. तो त्यांना पुरता द्यावा, एवढेच या महिन्यात आम्हांस सांगावयाचे आहे.

सप्टेंबरच्या २७ तारखेच्या सुमारास सूर्य हस्त नक्षत्रात प्रवेश करतो. परतीच्या पावसाच्या या दिवसांत मुली पाटावर हत्ती काढून त्याच्याभोवती फेर धरतात. कोणी याला हादगा म्हणतात, कोणी भोंडला. खानदेशात आणि विदर्भात भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसवितात. आपले नाशिक पुण्याच्या आणि खानदेशाच्या मधल्या वाटेवर असल्यामुळे सुनेचे माहेर ज्या दिशेचे, त्या दिशेची गाणी घरात येतात. नावे निराळी असली, तरी फेर, गाणी आणि खिरापत सर्वत्र आहेतच.

हत्तीच का, असे मुले हटकून विचारतात. त्यांना सांगावे की हस्त म्हणजे हात, आणि ज्याला हातासारखी सोंड आहे तो हस्ती. नक्षत्राचे पाच तारेही पंजाच्या पाच बोटांप्रमाणे मानले जातात. मात्र या दिवसांत सूर्यच त्या नक्षत्रात असल्यामुळे ते रात्री दिसत नाही. ते पाहावयाचे तर एप्रिल-मे महिन्यांत रात्री दक्षिणेकडे पाहावे. तेव्हा हा सण आम्ही हाताचा सण मानतो. ज्या वर्षी मुलांचे हात त्यात पडले नाहीत, त्या वर्षी तो झालाच नाही, असे समजावे.

आणि आज नेमके तेच घडत आहे. हत्तीचे छापील चित्र बाजारातून येते, खिरापत दुकानातून येते, गाणी यंत्रातून येतात आणि मुले भरजरी कपडे घालून छायाचित्रापुरती उभी राहतात. हौस मोठ्यांची आणि कंटाळा मुलांचा, असा हा व्यवहार आहे. त्याऐवजी पुढील चार उद्योग घरी करून पाहावेत. खर्च जवळजवळ नाहीच.

पहिला उद्योग धान्याच्या हत्तीचा. पाटावर खडूने हत्तीची मोठी आकृती वडील माणसाने काढून द्यावी. आत मात्र बोट घालू नये. अंग तांदळाने, कान तुरीच्या डाळीने, झूल मुगाने, डोळा एका गुंजेने न करता मिरीच्या दाण्याने करावा, कारण गुंज विषारी असते. चिमटीने दाणे ठेवताना बोटांना जे वळण लागते, तेच पुढे लेखणी धरताना उपयोगी पडते. तीन-चार वर्षांच्या मुलांना वालासारखे मोठे दाणे द्यावेत. त्याहून लहान मूल दाणे नाकात घालते, म्हणून त्याच्या हाती नुसते पीठ द्यावे. हत्तीचा पाय सोंडेहून बारीक झाला तरी तो दुरुस्त करू नये. फेर आटोपल्यावर तेच दाणे निवडून निरनिराळ्या वाट्यांत भरावयास लावावे. हा दुसरा खेळ होतो आणि अन्नाची नासाडी होत नाही, हेही मुले न सांगता शिकतात.

दुसरा उद्योग मातीचा. घटासाठी आणलेल्या मातीतील ओंजळभर चाळून भिजवावी आणि कणकेसारखी मळून मुलांच्या स्वाधीन करावी. अंगाचा एक गोळा, पायांचे चार आणि सोंडेची एक वळकटी झाली की हत्ती उभा राहतो. सांधे ओल्या बोटाने नीट लिंपावेत आणि हत्ती सावलीत वाळवावा. उन्हात ठेवला तर त्यास तडे जातात. विसर्जन बादलीत करावे व ते पाणी तुळशीला घालावे. गोदावरीला आधीच पुष्कळ सोसावे लागत आहे.

तिसरा उद्योग माळांचा. हादग्याच्या चित्राला फुलाफळांच्या माळा घालण्याची चाल आहेच. दसऱ्याच्या सुमारास आपल्याकडे झेंडू विपुल येतो. लहानांच्या हाती सुई देण्याचे भय वाटत असेल, तर दोऱ्याचे टोक मेणबत्तीच्या वितळलेल्या मेणात आपण बुडवून ताठ करून द्यावे; झेंडूचे फूल मधोमध टोचून ठेवले की मूल ते सहज ओवते. दोन पिवळी, एक केशरी, पुन्हा दोन पिवळी, असा क्रम सांगितला तर ओवता ओवता गणितही होते.

चौथा उद्योग खिरापतीचा. पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, अशी खिरापत वाढत जाते. नऊ दिवसांच्या एकूण खिरापती किती, हे मोठ्या मुलांना विचारावे. उत्तर ४५. जेथे हादगा सोळा दिवस चालतो, तेथे १३६. एवढे पदार्थ करता करता आईच्या नाकी नऊ येतील, असे कोणी म्हणेल. म्हणूनच ते मुलांनी करावेत. गुळाबरोबर दाणे, डाळे-मुरमुरे, काकडीच्या फोडी, केळ्याचे काप यांस विस्तव लागत नाही. डबा झाकून आणावा, हलवून त्याचा आवाज ऐकवावा, आणि 'होय' किंवा 'नाही' एवढेच उत्तर मिळेल असे प्रश्न विचारून पदार्थ ओळखावा. खिरापतीचे गुपित संध्याकाळपर्यंत पोटात ठेवणे हे सहा वर्षांच्या जिवाला केवढे मोठे तप आहे!

येथे दोन प्रश्न टाळून चालणार नाहीत. पहिला गाण्यांचा. भोंडल्याच्या कित्येक गाण्यांत सासुरवास आहे, माहेरची ओढ आहे. पाच वर्षांच्या मुलीच्या तोंडी हे कशासाठी, असे काही सुशिक्षित माता विचारतात आणि ती गाणीच वगळतात. आम्हांस हे पटत नाही. आपल्याच समाजात आठव्या-नवव्या वर्षी मुलींची लग्ने होत. १९२९ चा कायदा १९३० च्या एप्रिलपासून अंमलात आला, तेव्हा कोठे मुलीच्या लग्नाचे किमान वय १४ ठरले. आज ते १८ आहे. ही गाणी म्हणजे त्या बालवधूंना उघडपणे करता आलेली एकमेव कैफियत होती. लहानांनी ती तालासाठी म्हणावीत. मुलगी दहा-बारा वर्षांची झाली की तिच्या आजीने वा पणजीने शेजारी बसवून सांगावे की, 'बाळ, हे गाणे म्हणणारी तुझ्याहून लहान होती.' असा इतिहास शाळेच्या पुस्तकातून मिळावयाचा नाही, आणि तो सांगणारी माणसे घरात फार दिवस असणार नाहीत.

दुसरा प्रश्न मुलग्यांचा. खिरापतीपुरते यावयाचे आणि वाटी चाटून पळावयाचे, एवढाच त्यांचा वाटा आजवर होता. त्यांनी धान्य निवडावे, माळ ओवावी, फेरात यावे. धुणेभांडी करणाऱ्या बाईंची मुलेही त्याच फेरात असावीत आणि त्यांच्या हातची खिरापतही सर्वांनी खावी. हाताच्या सणात हातांची निवड कशाला?

ताऱ्यांवरून सण करणारे आपण एकटेच नाही. जपानात सातव्या महिन्याच्या सप्तमीला 'तानाबाता' नावाचा सण होतो. मूळ चीनमधील हा सण आठव्या शतकापासून जपानी दरबारात रूढ झाला. आता तो बहुतेक ठिकाणी ७ जुलैला आणि सेंदाई येथे ऑगस्टमध्ये करतात. आकाशगंगेच्या दोन तीरांवर ताटातूट झालेली विणकरीण आणि गुराखी वर्षातून एकदाच भेटतात, अशी त्याची कथा आहे. आपण ज्यांना अभिजित व श्रवण म्हणतो, तेच हे दोन तारे. विणकाम आणि हस्ताक्षर आपल्याला उत्तम साधावे, अशी प्रार्थना पूर्वी त्या दिवशी करीत. आज मुले रंगीत कागदाच्या पट्ट्यांवर इच्छा लिहून त्या बांबूच्या फांदीला बांधतात. ही चाल आपण सहज उचलू शकतो. मात्र पट्टीवर 'मला काय पाहिजे' हे न लिहिता 'माझ्या हाताला काय यावे' हे लिहावे. कोणी पोळी लिहील, कोणी तबला, कोणी नुसती बुटाची नाडी. ज्यास लिहिता येत नाही, त्याने चित्र काढावे. पट्टी जपून ठेवावी आणि पुढल्या हस्तात उघडून पाहावी.

हस्ताच्या दिवसांत पाऊस उघडला असेल, तर रात्री आठच्या सुमारास मुलांना गच्चीवर न्यावे. माथ्यापासून थोडा दक्षिणेकडे श्रवण आणि उत्तरेकडे अभिजित, असे दोन्ही तेजस्वी तारे त्या वेळी दिसतात.

पुढील महिन्यात दिवाळीच्या किल्ल्याविषयी लिहू. तोपर्यंत अंगणातील एक घमेले माती मुलांसाठी राखून ठेवावी, ही विनंती.