विश्लेषण : पेरणीआधी रान किती वेळा उलटायचे? शिरूर-दौंडच्या जिरायत गव्हाचे गणित

भीमा-घोडच्या काठाने शिरूर आणि दौंड उसाचे तालुके वाटतात. पण कालवा मागे पडला, की शिरूरमधील केंदूर-पाबळ किंवा दौंडमधील रोटी-कुसेगावकडे शेती पावसाच्याच भरवशावर चालते. इथे जिरायत रब्बी म्हणजे आधी ज्वारी. गहू जमतो तो खोल, ओल धरणाऱ्या काळ्या रानात. अशा रानात पेरणीच्या तोंडावर नांगर आणि त्यावर रोटाव्हेटर फिरवणे हा खर्च तर आहेच, पण पिकाचे पाणीही तिथेच जाते.

ओल जाते कुठे?

जिरायत गव्हाला पेरणीनंतर पावसाची फारशी आशा नसते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जे मुरले, त्यावरच दाणा भरायचा. ऑक्टोबरच्या उन्हात ओली माती उलटली, की खालची ओल उघडी पडते. एका एकरावर १ मिलिमीटर पाणी म्हणजे साधारण ४ हजार लिटर. १० मिलिमीटर ओल उडाली, तर १० हजार लिटरचे ४ टँकर गेले. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावांना हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही.

रोटाव्हेटर मातीचे पीठ करतो. त्यावर सर पडली, की पापडी धरते. दरवर्षी त्याच उथळ खोलीवर तो फिरला, तर खाली घट्ट थर तयार होतो. मग खाली ओल असूनही मुळे तिथपर्यंत पोहोचत नाहीत.

मग नांगर सोडायचाच का?

तसेही नाही. पंजाब-हरियाणात भातानंतर विनामशागत गहू पेरतात, पण तिथे पाण्याची सोय आहे. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर यांनी विनानांगरणी शेतीचा आग्रह धरला, तो पिकाचे अवशेष रानातच ठेवून. जिरायत गावात कडबा गोठ्यात जातो. जमीन झाकायला उरते काय? शिवाय कुंदा, हरळी राहिली, तर तीच ओल पिते.

मधला मार्ग जुनाच आहे. १९२३ मध्ये पुण्याजवळच्या मांजरीत कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले, १९३३ पासून सोलापुरात. त्यातून आलेल्या पद्धतीत खोल नांगरट ३ वर्षांतून एकदाच होती. जोडीला बांधबंदिस्ती, शेणखत आणि कोळपणी. म्हणजे नांगरट उन्हाळ्यात उरकायची आणि पावसाळ्यात उघडीप मिळेल तशा कुळवाच्या पाळ्या द्यायच्या. कुळव तण कापतो, भेगा बुजवतो आणि वर कोरड्या मातीचे पातळ पांघरूण ठेवतो. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात ५-६ सेंटिमीटर खोल, ओलीवर पेरणी. निफाडच्या संशोधन केंद्राचे ‘पंचवटी’ आणि ‘नेत्रावती’ हे वाण जिरायतीसाठी आहेत. एखादे पाणी देता आलेच, तर ४०-४२ दिवसांनी.

महाडीबीटीवर रोटाव्हेटरलाही अनुदान मिळते. जिरायत गावांत तो पैसा आधी पेरणी यंत्राकडे आणि बांधांकडे वळायला हवा.