रंगाचा मुखवटा आणि हास्याचा बचाव



माणसाचा अपमान दर वेळी शिव्या देऊनच केला जातो असे नाही. तो हसतखेळत, वाजतगाजत केला जातो. आणि अपमानिताने तक्रार केलीच, तर ‘तुला विनोद कळत नाही’ असे म्हणून त्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतात.

31 डिसेंबर 2017 रोजी जपानच्या निप्पॉन टेलिव्हिजनने ‘गाकी नो त्सुकाई’ या विनोदी कार्यक्रमाचा वर्षअखेरचा विशेष भाग दाखविला. जो हसेल त्याला शिक्षा, हा त्या खेळाचा नियम. त्यात हमादा मासातोशी हे नामवंत विनोदी नट कृष्णवर्णीय अमेरिकन नट एडी मर्फी यांचे सोंग घेऊन आले. त्यासाठी त्यांनी तोंडाला काळा रंग फासला होता. जपानमध्ये राहणारे कृष्णवर्णीय लेखक बाये मॅकनील यांनी त्याचा उघड निषेध केला. त्यावर बचावाचे तीन मुद्दे पुढे आले. ते एकेक करून तपासू.

पहिला मुद्दा असा की, काळ्या तोंडाच्या सोंगाचा वाईट इतिहास अमेरिकेचा आहे, जपानचा त्याच्याशी संबंध नाही. हे खरे नाही. 1830 च्या सुमारास टॉमस राइस नावाच्या गोऱ्या नटाने तोंडाला काजळी फासून ‘जिम क्रो’ या कृष्णवर्णीयाचे वेडेवाकडे नाचगाणे रंगभूमीवर आणले. ते इतके गाजले की पुढे आगगाडीचे डबे, शाळा, एवढेच नव्हे तर पिण्याच्या पाण्याचे नळसुद्धा वेगळे ठेवणाऱ्या कायद्यांना त्याच नाचाचे नाव पडले! हाच खेळ मार्च 1854 मध्ये कमोडोर पेरी यांच्या ‘पोव्हॅटन’ या युद्धनौकेवर, गोऱ्या खलाशांनी तोंडे काळी करून, जपानी अधिकाऱ्यांना दाखविला. म्हणजे हे सोंग जपानच्या दारी आले ते तोफांच्या सोबतीने. शिवाय 2015 साली अशाच काळ्या रंगाच्या सोंगावर निषेध झाला, तेव्हा फुजी टेलिव्हिजनने तो भाग गाळला होता. त्यानंतर दोन वर्षांनी अज्ञानाची सबब कोणते न्यायालय मान्य करील?

दुसरा मुद्दा, हेतू वाईट नव्हता. वांशिक भेदभाव नष्ट करण्यासाठी 1965 साली संयुक्त राष्ट्रांनी जो करार केला, त्यात जपान 1995 साली सामील झाला. त्या कराराच्या पहिल्याच कलमात भेदभावाची व्याख्या करताना ‘हेतू किंवा परिणाम’ असे शब्द आहेत. हा विनोद त्या व्याख्येत बसतो की नाही, हा वाद क्षणभर बाजूला ठेवा. त्यातील तत्त्व मात्र विसरू नका. काटा कोणत्या भावनेने टोचला यावरून जखमेची खोली ठरत नाही.

तिसरा मुद्दा, तो आवडत्या नटाचा गौरव होता. गौरवच करावयाचा, तर त्याचा पोशाख, चाल आणि बोलण्याची लकब पुरेशी होती. ज्या खेळात हसविणे हेच शस्त्र, त्या खेळात कातडीचा रंग शस्त्र म्हणूनच वापरला गेला.

खरा गौरव कसा असतो, हे जपानच्याच तरुणांनी दाखविले आहे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील गरीब कृष्णवर्णीय व लॅटिन तरुणांनी 1970 नंतरच्या दशकात रस्त्यावर जे नृत्य घडविले, ते जपानी तरुणांनी कष्टाने आत्मसात केले. 2012 पासून जपानच्या कनिष्ठ माध्यमिक शाळांत नृत्य हा सक्तीचा भाग झाला व त्यात आधुनिक तालनृत्यालाही स्थान मिळाले. 2024 साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये आमी युआसा या जपानी तरुणीने ब्रेकिंग या नृत्यप्रकारात सुवर्णपदक मिळविले. तिला तोंड रंगवावे लागले नाही. पावले शिकणे ही विद्या आहे. कातडी पांघरणे ही चेष्टा आहे.

आणि हा जपान कोणता? 1919 साली पॅरिसच्या शांतता परिषदेत वांशिक समतेचे तत्त्व राष्ट्रसंघाच्या करारनाम्यात घाला, अशी मागणी करणारा! त्या ठरावाला 11 मते, म्हणजे बहुमत मिळाले. तरी अध्यक्ष विल्सन यांनी एकमताची अट पुढे करून तो बाजूला सारला. तो अन्याय ज्याने सोसला, त्याने दुसऱ्याच्या अन्यायावर हसावे काय?

आपला याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. त्याच 1965 च्या कराराच्या पहिल्या कलमात वंश व वर्ण यांच्या जोडीला ‘कूळ’ हा शब्द आहे. जातिभेदही त्यात येतो, असे त्या कराराच्या समितीने 2002 साली स्पष्ट केले. परंतु भारत सरकारने जातीच्या बाबतीत आणि जपान सरकारने तेथील बुराकु समाजाच्या बाबतीत हा अर्थ नाकारला आहे. अपमानितांचे खटले असे एकमेकांत गुंतलेले आहेत. एकाचा बचाव मान्य केला, की दुसऱ्याचा दावा कमजोर होतो.

म्हणून, बंधुभगिनींनो, आपल्या मुलांना नृत्य अवश्य शिकवा. ते कोणाच्या घामातून जन्मले, हेही त्यांना सांगा. आणि पडद्यावर कोणाच्या रंगाची, बोलीची वा कुळाची टिंगल चालली असेल, तेव्हा आपल्या घरातून हसण्याचा आवाज येणार नाही, एवढी दक्षता घ्या. ज्या विनोदाला कोणी हसत नाही, तो फार दिवस जगत नाही.