जुनी मोटार, नवे करगणित : दुरुस्तीचा भार अखेर मालकावरच

जबलपूर : छोटी मोटार विकत घेऊ पाहणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबापुढील हिशेब २०२५ या एकाच वर्षात दोनदा बदलला. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेर येथे झालेल्या वस्तू व सेवा कर परिषदेच्या बैठकीत व्यापाऱ्यांकडून विकल्या जाणाऱ्या सर्व जुन्या गाड्यांना १८ टक्के दर लागू करण्याचा निर्णय झाला. त्यापूर्वी छोट्या जुन्या गाड्यांवर हा दर १२ टक्के होता. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या छोट्या गाड्यांवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरील उपकरही रद्द झाला. जुनी गाडी कराने किंचित महागली, नवी लक्षणीय स्वस्त झाली. मारुती सुझुकीने त्या वेळी एस-प्रेसोची प्रारंभिक किंमत साडेतीन लाख रुपयांपर्यंत खाली आणली. त्यामुळे पाच-सहा वर्षे वापरलेल्या गाडीसाठी अडीच-तीन लाख रुपये मोजावेत काय, हा प्रश्न आता अधिक टोकदार झाला आहे.

जुन्या गाडीवरील कराविषयी गैरसमज बराच आहे. हा कर संपूर्ण किमतीवर नसून व्यापाऱ्याच्या खरेदी-विक्रीतील फरकावर आहे. दोन लाखांना घेतलेली गाडी दोन लाख तीस हजारांना विकली गेली, तर कर तीस हजारांवरच, म्हणजे ५,४०० रुपये. जुन्या दराने तो ३,६०० रुपये झाला असता. शेजाऱ्याने शेजाऱ्याला, किंवा बदली झालेल्या कर्मचाऱ्याने सहकाऱ्याला स्वतःची गाडी विकली, तर हा कर लागतच नाही. जबलपूरसारख्या शहरात हा दुसरा मार्ग विशेष महत्त्वाचा आहे. संरक्षण उत्पादनाचे कारखाने, लष्कराची प्रशिक्षण केंद्रे, पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय आणि उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ असलेल्या या शहरात बदल्या हा नित्यक्रम आहे, आणि बदलीबरोबर गाडीही विक्रीस निघते.

जुन्या वाहनाचे आयुष्य कशावर ठरते, हे या शहराला नव्याने सांगण्याची गरज नाही. येथील वाहन निर्माणीत १९६९ पासून तयार झालेल्या ‘जोंगा’ या लष्करी वाहनाच्या नावातच जबलपूर आहे. उत्पादन १९९९ मध्ये थांबले, तरी लिलावातून नागरिकांच्या हाती आलेल्या जोंगा पुढेही धावत राहिल्या. त्या धावल्या त्या सुटे भाग आणि जाणता मिस्त्री मिळाल्यामुळे. छोट्या मोटारीलाही हाच निकष लागू पडतो. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये आणि आल्टो ८०० चे २०२३ मध्ये थांबले, पण त्यांचे भाग गावोगावी मिळतात. याउलट, भारतातून काढता पाय घेतलेल्या कंपनीची गाडी स्वस्तात मिळाली, तरी एका दिव्यासाठी किंवा संगणकीय नियंत्रकासाठी आठवडेच्या आठवडे थांबावे लागू शकते.

मात्र खरेदीदाराची सर्वांत मोठी फसगत होते ती विम्याच्या बाबतीत, आणि तीही बहुधा कोणी न फसवता. ‘फुल इन्शुरन्स आहे’ हे वाक्य सौद्यात हमखास ऐकू येते. ऐकणाऱ्याला वाटते की आता दुरुस्तीची चिंता नाही. वस्तुतः सर्वसमावेशक म्हटल्या जाणाऱ्या पॉलिसीतही झीज, घसारा आणि यांत्रिक वा विद्युत बिघाड स्पष्टपणे वगळलेले असतात. अपघात, चोरी, आग, पूर यांसाठी तो विमा आहे. क्लच जळला, गिअरबॉक्स कुरकुरू लागला किंवा इंजिनाने तेल प्यायला सुरुवात केली, तर तो खर्च मालकाचाच. तुंबलेल्या पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याच्या प्रयत्नात इंजिनात पाणी शिरून हानी झाली, तरी इंजिन संरक्षणाची स्वतंत्र जोड नसल्यास दावा नाकारला जाण्याची शक्यता मोठी असते.

अपघाताच्या दाव्यातही जुन्या गाडीला पूर्ण रक्कम मिळत नाही. रबर, प्लॅस्टिकचे भाग व बॅटरी यांवर ५० टक्के घसारा कापला जातो. पाच ते दहा वर्षे वयाच्या गाडीच्या धातूच्या भागांवर तो ४० टक्के असतो. समजा, सात वर्षांच्या गाडीचा चार हजारांचा बंपर आणि दहा हजारांचा दरवाजा बदलावा लागला. घसारा वजा जाता आठ हजार उरतात, त्यातून छोट्या गाडीसाठी अनिवार्य असलेले एक हजार वजा होतात. चौदा हजारांच्या भागांपोटी हाती येतात सात हजार. ‘शून्य घसारा’ जोड हा फरक भरून काढते, परंतु विमा कंपन्या ती सहसा पाचेक वर्षांपर्यंतच्या गाड्यांनाच देतात. ज्या वयात तिची निकड वाढते, त्याच वयात ती मिळेनाशी होते.

विक्रेत्याच्या नावावरील विमा आपोआप खरेदीदाराचा होतो, हा समज अर्धाच खरा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ नुसार विमा प्रमाणपत्र नव्या मालकाकडे हस्तांतरित झाल्याचे मानले जाते आणि त्याने १४ दिवसांत कंपनीकडे नोंद करून घ्यायची असते. परंतु हे मानीव हस्तांतरण तृतीय पक्षाच्या नुकसानीपुरतेच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने कम्प्लीट इन्सुलेशन्स प्रकरणात स्पष्ट केले होते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण हवे असेल, तर कंपनीची संमती घेऊन पॉलिसी स्वतःच्या नावावर करावी लागते. आधीच्या मालकाचा ‘नो क्लेम बोनस’ गाडीबरोबर येत नाही. तो त्याच्या व्यक्तिगत खात्यावरील सवलत आहे. म्हणून हप्त्याचा फरक नव्या मालकाला भरावा लागतो.

नावबदलाची दिरंगाई विक्रेत्यालाही महाग पडते. वारंवार हस्तांतरित झालेल्या, पण नोंदणी पहिल्याच मालकाच्या नावे राहिलेल्या एका गाडीच्या अपघात प्रकरणात, भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच राहते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिला. कोऱ्या कागदावर सह्या देऊन गाडी सोडणे म्हणजे परक्याच्या अपघाताला आपले नाव उसने देणे होय. ही पळवाट बुजवण्यासाठीच १ एप्रिल २०२३ पासून जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्यांना परिवहन विभागाचे प्राधिकारपत्र बंधनकारक करण्यात आले. गाडी व्यापाऱ्याकडे सोपवल्याची माहिती त्यामुळे अधिकृत नोंदीत येऊ शकते. विक्रेत्याने ही नोंद झाली की नाही, हे स्वतः पाहावे.

जबलपूरच्या खरेदीदाराला नागपूर फार दूर नाही, आणि महाराष्ट्राच्या क्रमांकाची गाडी स्वस्त वाटू शकते. परंतु दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी ठेवल्यास तेथे नवी नोंदणी आवश्यक ठरते. त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते, शिवाय मध्य प्रदेशचा कर वेगळा. गाडीवर कर्ज असल्यास बोजा उतरवल्याचे बँकेचे पत्रही हवे. पंधरा वर्षांनंतर नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क पाच हजार रुपये आहे, वीस वर्षांनंतर ते दहा हजार होते. दीड लाखाच्या गाडीच्या सौद्यात या रकमा किरकोळ नाहीत.

देखभालीच्या खर्चाबाबत अलीकडच्या दोन घडामोडी परस्परविरुद्ध दिशेच्या आहेत. सप्टेंबर २०२५ च्या करबदलात सुट्या भागांवरील दरही सरसकट १८ टक्के झाला, म्हणजे दुरुस्ती काहीशी हलकी झाली. दुसरीकडे, वीस टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल सर्वत्र आले. एप्रिल २०२३ पूर्वीच्या बहुसंख्य गाड्या त्यासाठी घडवलेल्या नाहीत. काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग व गॅस्केट वीस ते तीस हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये मान्य केले आणि हा बदल स्वस्त व सोपा असल्याचेही म्हटले. या इंधनामुळे विमा अवैध ठरत नाही, असा खुलासाही मंत्रालयाने केला. खुलासा योग्यच आहे, पण त्याने दिलासा मर्यादितच मिळतो. झिजलेल्या रबराचा खर्च विमा आधीही देत नव्हता.

राहिला वॉरंटीचा पर्याय. संघटित विक्रेते काही गाड्यांवर सहा महिने ते वर्षभराची हमी देतात. हा विमा नव्हे, करार आहे. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, बॅटरी, टायर हे झिजणारे भाग त्यातून बहुधा वगळलेले असतात. म्हणून विश्वासू मिस्त्रीकडून गाडी उचलून तळ, इंजिन आणि सर्व्हिसच्या जुन्या नोंदी पाहून घेण्यावर होणारा हजार-दीड हजारांचा खर्च अधिक उपयोगी ठरतो. तृतीय पक्ष विम्याचा हप्ता एक हजार सीसीपर्यंतच्या मोटारीला जून २०२२ च्या दरपत्रकानुसार वार्षिक २,०९४ रुपये व त्यावर कर असा आहे. फार जुन्या गाडीसाठी तेवढाच घेऊन उरलेली रक्कम दुरुस्तीसाठी वेगळी ठेवणारे मालकही आहेत. गाडीचे बाजारमूल्य लाखाच्या आत आले असेल, तर हा हिशेब चुकीचा म्हणता येणार नाही. मात्र चोरीचे नुकसान तेव्हा पूर्णपणे मालकाच्या माथी येते.