दलालाचेही दात मोजा

बैलबाजारात गेलेला शेतकरी बैलाचे दात मोजल्याशिवाय दावे हातात घेत नाही. दोनदाती आहे, चारदाती आहे की जुळलेला, हे बघतो. चालवून बघतो, जमलं तर औताला जुंपूनही बघतो. तोच शेतकरी मुलीचं लग्न, दवाखाना किंवा कर्ज यापायी वाडवडिलांची चार एकर जमीन विकायला काढतो, तेव्हा ती कुणाच्या हाती देतो? टपरीवर भेटलेल्या आणि ‘गिऱ्हाईक खिशात आहे’ म्हणणाऱ्या कुणाच्याही. त्याचे दात मोजायचे मात्र राहून जातात.

शेतकरी बंधूंनो, दलाल म्हटला की लबाड, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. शेताला गिऱ्हाईक शोधणे, शिवारातला खरा भाव सांगणे, दोन्ही बाजूंची समजूत घालणे, हे काम कुणीतरी करायलाच हवे. पण रस्त्याची किंवा एमआयडीसीची नुसती कुजबुज झाली की गावोगाव नवे दलाल उगवतात. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग दहा जिल्ह्यांतून गेला आणि त्याच्या आजूबाजूच्या जमिनीची चर्चा पारापारावर पोहोचली. अशा वेळी जुना जाणता माणूस कोणता आणि कालपरवा धंद्यात उतरलेला कोणता, हे ओळखणे ज्याचे त्याच्यावर येते.

शहरात फ्लॅट किंवा नोंदणीकृत प्रकल्पातला प्लॉट विकणाऱ्या एजंटाला २०१६ च्या रेरा कायद्याने नोंदणी सक्तीची केली आहे. आपल्या राज्यात २०१७ पासून महारेराकडे हे काम आहे, आणि २०२३ पासून एजंटांना प्रशिक्षण व परीक्षाही आली. पण सात-बाऱ्यावरच्या शेतजमिनीचा सौदा जुळवणाऱ्याला अशी नोंदणी नाही आणि परीक्षाही नाही. तेव्हा ही परीक्षा तुम्हालाच घ्यावी लागणार.

ती कशी घ्यायची? दलाल पहिल्या भेटीत काय विचारतो, तिकडे लक्ष ठेवा. नवखा माणूस विचारतो, ‘एकरी किती सोडता?’ जाणता माणूस आधी सात-बारा, आठ-अ आणि जुने फेरफार मागतो. जमीन भोगवटादार वर्ग एकची की वर्ग दोनची, हे पाहतो. कारण वर्ग दोनची बहुतेक जमीन सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही. इतर हक्कात सोसायटीचा बोजा आहे का, कुळाचे नाव आहे का, विहिरीत कुणाचा हिस्सा आहे का, हे विचारतो. शेताला वाट कुठून आहे आणि मोजणी कधी झाली, हेही विचारतो.

आणि एक प्रश्न तो हमखास विचारतो, ‘बहिणी किती? त्यांचं काय म्हणणं आहे?’ हिंदू वारसा कायद्यात २००५ साली झालेल्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. त्या वेळी वडील हयात नसले तरी हा हक्क लागू आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला. बहिणींना विश्वासात न घेता केलेला सौदा कोर्टात जातो, आणि मग घेणारा, देणारा दोघेही तारखा मोजत बसतात.

घेणाऱ्याबद्दलही तो तितकाच चौकस असतो. कूळ कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. आदिवासी खातेदाराच्या जमिनीला वेगळे संरक्षण आहे. गुंठा-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून विकायचे म्हटले, तर १९४७ चा तुकडेबंदी कायदा आहे. त्यातले नियम अलीकडे बदललेले आहेत, म्हणून आजचा नियम तहसीलमध्ये विचारूनच पाऊल टाकावे. ‘ते सगळं बघून घेऊ’ असे मोघम उत्तर देणाऱ्या दलालाला लांबूनच नमस्कार करावा.

आता दलालीचे बघू. बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा, पण ती बोटांची भाषा दोघांनाही कळायची. जमिनीच्या काही सौद्यांत रुमालाखाली काय चाललंय, ते फक्त मधल्यालाच ठाऊक असते. समजा, तुम्हाला एकरी दहा लाख सांगितले आणि गिऱ्हाईकाला चौदा. मधल्या चार लाखांचा तुम्हाला पत्ताच नाही! यासाठी सोपी युक्ती म्हणजे थोडा विसार देऊन घेणाराच्या नावाची जागा कोरी ठेवून पावती लिहून घ्यायची आणि मग चढा भाव देणारा शोधत फिरायचे. म्हणून कोऱ्या जागेच्या पावतीवर सही करू नका. घेणारा आणि देणारा समोरासमोर बसल्याशिवाय भाव पक्का करू नका. दलाली शेकडा किती, कुणाकडून आणि केव्हा, हे आधी कागदावर लिहून घ्या. खरेदीखत झाल्यावरच ती द्यावी, हे उत्तम.

तसेच ‘तुम्ही कशाला हेलपाटे घालता, मुखत्यारपत्र द्या’ असे कुणी म्हणाले तर सावध राहा. नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी बदलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालीच स्पष्ट केले आहे. मालकीसाठी दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेले खरेदीखतच लागते. घेणाराने वकिलाकडून मागील तीस वर्षांचा शोध घ्यावा. ‘वकील कशाला, मी आहे ना!’ म्हणणारा दलाल तर अजिबात नको.

दलालाचा अनुभव त्याच्या गाडीवरून किंवा अंगठ्यांवरून कळत नाही. या तालुक्यात गेल्या पाच वर्षांत कोणकोणते सौदे केले, ते त्याला विचारा, आणि त्यातल्या दोन-तीन गावांना स्वतः जाऊन या. विकणाऱ्याला विचारा, पैसे पुरते मिळाले का? घेणाऱ्याला विचारा, फेरफार मंजूर झाला का? खरेदीखतानंतर फेरफाराची नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात, आणि हरकत आली तर प्रकरण लांबते. नवे नाव सात-बाऱ्यावर चढेपर्यंत जो फोन उचलतो तो खरा जाणता. खरेदीच्या दिवशी दलाली घेऊन गायब होणारे पुष्कळ आहेत.

एवढी चौकशी करायला आठ-पंधरा दिवस लागतील. ‘आजच विसार घ्या, उद्या गिऱ्हाईक जाईल’ असे तुम्हाला सांगितले जाईल. जाऊ द्या. गिऱ्हाईक गेले तर दुसरे येते, पण एकदा विकलेली जमीन पुन्हा आपल्या नावावर येत नाही. तेव्हा घरातल्या बायाबापड्यांसह सगळ्यांना बसवा, कागद मोठ्याने वाचा, आणि मगच सही करा.