आयर्लंडला जायचे आहे? आधी दाखल्यावरचे नाव बघा

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत एका देशाचे नाव वारंवार दिसते आहे: आयर्लंड. पत्रे उमरग्याची आहेत, नळदुर्गची आहेत, परंड्याचीही आहेत. कोणाच्या मोबाईलवर ‘गवंडी, सेंट्रिंगवाले, वेल्डर पाहिजेत, पगार अडीच लाख, राहणे-खाणे फुकट’ असा मजकूर फिरत आला. कोणाला एजंटाने ‘फाइल टाकून ठेवा, नंबर लागेल’ असे सांगितले. एका भगिनीने विचारले आहे की मुलासाठी दीड लाख आगाऊ मागत आहेत, तर पाटल्या मोडाव्यात का. उत्तर एका शब्दाचे आहे: नको. पण तेवढे सांगून विषय संपत नाही, कारण आयर्लंडला बांधकामासाठी माणसे हवी आहेत ही गोष्ट मात्र खरी आहे.

देश लहान आहे. २०२२ च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या ५१ लाखांच्या आसपास भरली, म्हणजे आपल्या धाराशिव जिल्ह्याच्या जेमतेम तिप्पट. इंग्लंडच्या शेजारी असला तरी तो वेगळा देश आहे. चलन युरो आहे आणि ब्रिटनच्या व्हिसावर तिथे काम करता येत नाही. (उत्तर आयर्लंड मात्र ब्रिटनमध्ये मोडतो. नावाच्या या सारखेपणाचा फायदा घेणारे आहेतच.) २००८ च्या मंदीत तिथला बांधकाम धंदा कोसळला, निम्म्याहून जास्त कामगार बाहेर फेकले गेले, पुष्कळ जण देश सोडून गेले. त्यानंतर वर्षानुवर्षे पुरेशी घरे बांधली गेली नाहीत आणि आता घरांची भयंकर टंचाई आहे. २०३० अखेरपर्यंत तीन लाख घरे बांधण्याचे तिथल्या सरकारने जाहीर केले आहे. २०२४ मध्ये पूर्ण झाली सुमारे तीस हजार. जुने मिस्त्री वयाने थकत चालले आहेत. तेव्हा मागणी आहे, आणि ती काही वर्षे राहील असे दिसते.

प्रश्न आहे तो आत जाण्याच्या दाराचा. युरोपबाहेरच्या माणसाला तिथे काम करायचे असेल तर आधी एम्प्लॉयमेंट परमिट लागते. परमिटवर मालकाचे नाव असते, कामगाराचे नाव असते, काम कोणते तेही असते. ते हातात आल्यावरच व्हिसाचा अर्ज करायचा. ‘आधी टुरिस्ट व्हिसावर चला, तिथे गेल्यावर परमिट काढू’ असे जो म्हणेल त्याच्याशी पुढे बोलूच नये. बहुतेक जागांसाठी मालकाला आधी २८ दिवस जाहिरात देऊन युरोपातला माणूस मिळत नाही हे दाखवावे लागते. शिवाय त्याच्याकडचे किमान निम्मे कामगार युरोपीय असावेत असाही नियम आहे. कोणत्या कामाला परमिट मिळते आणि कोणत्या कामाला नाही, याची यादी तिथले रोजगार खाते जाहीर करते आणि ती वेळोवेळी बदलते. हुन्नराच्या कामांना त्यात वाव आहे. साध्या बिगारीला हे परमिट सहसा मिळत नाही. ‘शिक्षण नको, अनुभव नको, कोणीही चालेल’ ही जाहिरात खोटी समजायला एवढे पुरे आहे.

पगाराचाही हिशेब घरात बसून मांडावा. साधारण परमिटासाठी २०२४ मध्ये किमान वार्षिक पगार ३४,००० युरो ठरला होता. ही मर्यादा वाढत राहणार आहे. एक युरो नव्वद रुपयांचा धरला तर वर्षाचे तीस लाख होतात आणि ऐकणाऱ्याचे डोळे विस्फारतात. पण कर आणि सामाजिक विमा वजा जाता एकट्या माणसाच्या हातात महिन्याला २,४०० युरोच्या आसपास येतात. डब्लिनमध्ये अख्खे घर भाड्याने घ्यायचे तर महिना २,००० युरोच्या वर जातो. म्हणून चौघा-पाचांनी मिळून राहणे आलेच. बायको-मुलांना या परमिटावर लगेच नेता येत नाही. डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो, थंडी-पावसात उघड्यावर काम असते. हलाल गोश्त मिळते, मशिदी आहेत, ८० हजारांहून अधिक मुस्लिम तिथे राहतात. काटकसरीने राहणारा माणूस पैसे शिल्लक टाकू शकतो, यात शंका नाही. पण जाहिरातीतला अडीच लाखांचा आकडा आणि घरी येणारी रक्कम यांत फार मोठे अंतर आहे.

आता आपल्या बाजूचे बोलू. आपल्या जिल्ह्यात हुन्नराची कमतरता कधीच नव्हती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात लातूरमधली किल्लारी आणि आपल्या लोहारा तालुक्यातले सास्तूर जमीनदोस्त झाले. दोन्ही जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. त्यानंतर गावेच्या गावे नव्याने वसवली, हजारो घरे दुरुस्त झाली, आणि भिंतीत सळईचा पट्टा कुठे घ्यायचा, कोपरे कसे बांधायचे हे आपल्या गवंड्यांनी कामावरच शिकून घेतले. ज्ञान वडिलांकडून मुलाकडे, मामूकडून भाच्याकडे गेले. आज पुण्या-मुंबईच्या साइटवर आपली पोरे सेंट्रिंग करतात, फरशी बसवतात, नकाशा वाचतात. पण विचारा, हे काम तुला येते याचा कागद कुठे आहे? हजेरी मुकादमाच्या वहीत, पगार रोख, मुकादम दरवर्षी नवा. दहा वर्षे घाम गाळलेला मिस्त्री कागदावर बेरोजगार असतो. आयर्लंडचा मालक हात बघायला उमरग्याला येणार नाही, तो कागद बघणार. आमच्या मते आपली खरी अडचण इथे आहे, आणि तिचा एजंटाशी काही संबंध नाही.

या कागदांची सुरुवात नावापासून होते. आमच्या पाहण्यातल्या किती तरी घरांत शाळेच्या दाखल्यावर ‘शेख’ नावाच्या आधी आहे, आधारवर नावाच्या नंतर, आणि पॅनकार्डावर नाहीच. वडील एका कागदावर मैनोद्दीन, दुसऱ्यावर मोईनोद्दीन. अम्मीच्या नावापुढे कुठे ‘बी’, कुठे ‘बेगम’. जन्मतारीख गुरुजींनी टाकलेली १ जून, आणि नगरपालिकेच्या जन्म नोंदीत भलतीच. घरच्यांना यात काही वावगे वाटत नाही, कारण माणूस एकच आहे. परदेशातल्या कचेरीला मात्र ही दोन-तीन वेगळी माणसे दिसतात. आधी सर्व कागदांवर एक नाव, एक स्पेलिंग, एक तारीख करून घ्या आणि त्यानंतरच पासपोर्टचा अर्ज भरा. गरज पडल्यास राजपत्रात नावबदल करून घ्या. चार-सहा महिने जातील, जाऊ द्यात. ही कामे घरातल्या मुलींनी हाती घेतली की लवकर होतात, असा आमचा अनुभव आहे.

दुसरा कागद हुन्नराचा. ज्याचे वय अजून शिकण्याचे आहे त्याने शासकीय आयटीआयचा रस्ता धरावा. वेल्डर आणि प्लंबर एक वर्षाचे, इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचा. जो आधीच मिस्त्री आहे त्याच्यासाठी कौशल्य विकास योजनेत अनुभवाची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. एवढ्यावर आयर्लंडचे दार उघडेल असे मात्र समजू नका. तिथे इलेक्ट्रिशियन किंवा प्लंबर होण्यासाठी चार वर्षांची उमेदवारी करावी लागते, आणि बाहेरच्या प्रमाणपत्राची मान्यता तपासली जाते. साइटवर पाय ठेवण्याआधी ‘सेफ पास’ नावाचा एक दिवसाचा सुरक्षा कोर्स करावा लागतो. सूचना इंग्रजीत असतात. त्या समजल्या नाहीत तर नोकरी जाईलच, पण जीवही जाऊ शकतो.

तिसरा कागद अनुभवाचा, आणि तो इथेच मिळतो. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेमार्गासारख्या कामांवर मोठे गुत्तेदार असतात. तिथे रोज पन्नास रुपये कमी मिळाले तरी चालतील, पण पीएफ कापला जाईल, पगार बँकेत येईल आणि सोडताना अनुभवपत्र मिळेल असे काम धरा. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे १८ ते ६० वयाच्या आणि वर्षात ९० दिवस काम केलेल्या कामगाराची नोंदणी होते. ती केलेली बरी, कारण परदेशी जाणे झाले नाही तरी मुलांची शिष्यवृत्ती आणि इतर मदत तिच्यावर मिळते.

एजंटाबाबत एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. आखाती देशांसह १८ देशांत दहावी न झालेला माणूस कामाला जातो तेव्हा ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचा करार सरकारी कार्यालय तपासते. आयर्लंड त्या १८ देशांत नाही. तेव्हा हा करार मध्ये थांबून कोणी तपासणार नाही, तो घरच्यांनीच तपासायचा. परदेशी भरती करणाऱ्याकडे केंद्र सरकारचा परवाना असावा लागतो. त्यांची यादी त्याच पोर्टलवर आहे. कामगाराकडून घ्यायचे सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी, आणि त्याची पावती मिळाली पाहिजे. आयरिश कंपनी खरी आहे का हे तिथल्या सरकारी कंपनी नोंदणीच्या साइटवर फुकट पाहता येते. कोणत्या कंपनीला किती परमिटे मिळाली याचीही यादी तिथले खाते प्रसिद्ध करते. दोन वर्षांच्या परमिटाची फी १,००० युरो आहे, अर्ज नाकारला तर ९० टक्के परत मिळते, आणि भरतीचा खर्च मालकाला कामगाराच्या पगारातून कापता येत नाही. दीड लाख कशाचे, हे विचारण्याचा हक्क त्यामुळे तुम्हाला आहे. व्याज आपल्याला हराम आहे हे सगळ्यांना माहीत असते, तरी याच एका कामासाठी सावकाराचा पैसा घरात येतो आणि पुढे जमीन घेऊन जातो.

फक्त आयर्लंडच कागद मागतो असेही नाही. ज्या सौदीला आपले चाचा-मामू नुसत्या ओळखीवर गेले, तिथेही आता प्लंबर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर अशा कामांसाठी व्हिसाच्या आधी हुन्नराची चाचणी द्यावी लागते. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी दहा हजार कुशल कामगारांचा करार केला, त्यातही पहिली पायरी जर्मन भाषेची होती.

शेवटी ज्यांच्याबद्दल एकही पत्र आलेले नाही त्यांच्याविषयी. सिव्हिल इंजिनिअर आणि कामाचे मोजमाप व खर्चाचा अंदाज काढणारे क्वांटिटी सर्वेअर हे आयर्लंडच्या ‘क्रिटिकल स्किल्स’ यादीत आहेत. या परमिटाला संबंधित पदवी लागते, पण कुटुंबाला सोबत नेता येते आणि मालकाला जाहिरातीची अट नसते. आपल्या जिल्ह्यातून सिव्हिलचा डिप्लोमा करून मुले-मुली बाहेर पडतात आणि घरची निकड म्हणून तिथेच थांबतात. डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षात पदवीला प्रवेश मिळतो. एजंटाला देण्यासाठी जमवलेले दीड लाख हाताशी असतील, तर त्यांतून शासकीय महाविद्यालयातली फी आधी भरून बघावी. प्रवेशाची प्रक्रिया आणि शिष्यवृत्त्यांची माहिती पुढच्या अंकात देत आहोत. ज्यांना घाई आहे त्यांनी आत्ताच जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि अधिवासाचा दाखला तहसीलमधून काढायला टाकावा, कारण जूनमध्ये तिथे रांगा लागतात.