खरेदीची पावती म्हणजे सदक्याची पावती नव्हे

रमजान जवळ आला की मोबाईलवर एका ठरावीक प्रकारच्या जाहिराती सुरू होतात. आमच्याकडून खजूर घ्या, अत्तर घ्या, कुर्ता घ्या. त्यातला काही भाग आम्ही गरजूंना देऊ. आपल्या पिढीला हे आवडतं. हवी ती वस्तू मिळते आणि सवाबही पदरात पडतो, असं वाटतं. माझं म्हणणं इतकंच आहे की अशी खरेदी जरूर करावी, पण हिशेब विचारून करावी आणि तिला दान समजू नये.

'काही भाग' या शब्दांत खरी मेख आहे. समजा, हजार रुपयांच्या कुर्त्यावर दुकानदाराला शंभर रुपये नफा होतो आणि तो नफ्याचे ५ टक्के देतो. म्हणजे गरजूपर्यंत पोहोचतात फक्त पाच रुपये. तसाच कुर्ता शेजारच्या दुकानात आठशेला मिळत असेल, तर उरलेले दोनशे रुपये मोहल्ल्यातल्या एखाद्या मुलीच्या फीसाठी थेट देता येतात.

मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार, ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. म्हणजे जाहिरातीत जे औदार्य दिसतं, ते कदाचित कायद्याचं पालन असतं.

हेतू चांगला असला तरी पद्धत चुकू शकते. अमेरिकेतल्या 'टॉम्स' कंपनीने २००६ मध्ये बुटांचा एक जोड विकला की एक जोड गरजू मुलाला द्यायला सुरुवात केली. जगभर कौतुक झालं. पण टीकाकारांनी विचारलं, फुकट बूट आल्यावर तिथल्या स्थानिक बूटवाल्याने काय करायचं? आणि कमाईच नसलेल्या घराचा प्रश्न बुटांनी कसा सुटणार? पुढे कंपनीनेच ही पद्धत सोडली आणि नफ्याचा एक तृतीयांश भाग सामाजिक कामाला द्यायचं ठरवलं.

याउलट आपल्याच देशातली दोन उदाहरणं पाहा. 'रूह अफजा' बनवणारा हमदर्द दवाखाना १९०६ मध्ये दिल्लीत सुरू झाला आणि १९४८ मध्ये हकीम अब्दुल हमीद यांनी तो वक्फ केला. दिल्लीचं जामिया हमदर्द विद्यापीठ त्याच परंपरेतून उभं राहिलं. दुसरं उदाहरण लिज्जत पापडचं. १९५९ मध्ये मुंबईच्या गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन हे काम सुरू केलं. तिथे पापड लाटणारी बाईच मालकीण असते. या दोन्ही ठिकाणी समाजकार्य उद्योगाच्या रचनेतच आहे, ते सणापुरतं लावलेलं लेबल नाही.

जकातीची गल्लत तर मुळीच करू नये. जकात म्हणजे निसाबाइतकी संपत्ती वर्षभर ज्याच्याकडे राहिली, त्याने काढायचे अडीच टक्के. ते कोणाला द्यायचे, हे कुरआनने ठरवून दिलं आहे. कुर्त्याच्या बदल्यात दिलेले पैसे ही कुर्त्याची किंमत आहे. दुकानदाराने त्याच्या नफ्यातून दिलं, तर ते त्याचं देणं. आपलं देणं शिल्लकच राहतं.

कोणी म्हणेल, इतक्या शंका काढल्या तर छोट्या, प्रामाणिक उद्योगांचं नुकसान होईल. मला उलट वाटतं. कोणी विचारतच नाही, म्हणून खोटं बोलणारा आणि खरं काम करणारा एकाच रांगेत उभे राहतात. म्हणून पैसे देण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. विक्रीतले नेमके किती रुपये देता? कोणाला देता? गेल्या वर्षी किती दिले? प्रामाणिक माणसाला या प्रश्नांचा राग येत नाही.

आणि चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: हा कुर्ता शिवणाऱ्या बाईला किती मिळतात? भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांवर आणि घरोघरच्या शिलाई मशीनवर आपलीच माणसं राबतात. त्यांची मजुरी कापून केलेल्या इफ्तार वाटपापेक्षा वेळेवर दिलेली पूर्ण मजुरी मोठी. असा दुकानदार सापडला, तर दोन पैसे जास्त देऊन त्याच्याकडूनच घ्या. जकात आणि सदका मात्र वेगळ्या पाकिटात ठेवा.